यंदा गहू झाकला नाही

या, मार्थाबाई. अशा उंबऱ्यात उभ्या राहू नका. आत या, इथं माझ्याजवळ सरका. तुमची ही खोड काही गेली नाही. धुळ्याहून एसटीत अंग खिळखिळं करून यायचं, दारात चपला काढायच्या, आणि मी चार वेळा "अहो, या ना" म्हणेपर्यंत पिशवी हातात धरून तिथंच उभं राहायचं. मी म्हणायचे, विहीण आहात का पोस्टमन? तुम्ही पदर तोंडाला लावून हसायच्या. आणि जायच्या वेळी मात्र कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. चहाचं आधण ठेवलं आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. असं जातं का माणूस? नाताळ महिन्यावर आलेला, आपल्या दोघींचं एक बोलणं वर्षभर टांगलेलं, आणि तुम्ही आपल्या मोकळ्या झालात. मला कुठं ठेवून गेलात, याचा विचार केला नाही.

रागावतेय, पण ऐका. दुसरं कुणाला सांगू?

घरात तुमचं नाव सगळे जपून घेतात, म्हणजे घेतच नाहीत. तुमची रूथ शाळेत जाते, येते, भाजी टाकते, मुलांच्या वह्या तपासते. माझा प्रशांत दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळ्या करतो. त्याला घरात काय शिजतंय ते कळत नाही आणि काय जळतंय तेही कळत नाही. एक जुईच तेवढी. पावणेतीन वर्षांच्या पोरीला कुठलं जपून बोलता येतं. मागच्या आठवड्यात तिला घेऊन बाजारात गेले, तर एका दुकानाबाहेर कागदी चांदण्या टांगलेल्या. लाल, पिवळ्या, आत दिवा लागणाऱ्या. पोरीनं माझं बोट सोडलं आणि भर रस्त्यात उभी राहिली. मागून रिक्षावाला भोंगा वाजवतोय, ही हलायला तयार नाही. वर बोट करून म्हणते, "अक्का, ती आपली. धुळ्याच्या आजीची."

उचलून घरी आणली. दारातूनच ओरडली, "मम्मी, नाताळ आला."

रूथ कुकरचं झाकण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "यंदा नाताळ नाही."

"मग कधी आहे?"

"नाही म्हटलं ना, जुई."

जुईनं माझ्याकडं बघितलं. मी धण्याचा डबा उघडला, उगाच. मला माहीत होतं, ते 'नाही' पोरीला नव्हतं, मला होतं.

कुणी म्हणेल, आई गेली त्या वर्षी लेक सण करत नाही, त्यात काय एवढं. पण तुम्हाला आणि मला ठाऊक आहे ना. ती तुम्हाला रडत होतीच, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. तुमच्या मातीहून परत येताना गाडीत एकदाच बोलली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई त्या नाताळनंतर जळगावला आलीच नाही." बस. प्रशांतनं गाणी लावली. मी जुईच्या पायातले मोजे काढले, पुन्हा घातले.

तर तो मागचा नाताळ.

जुई तेव्हा पावणेदोन वर्षांची. त्याच्या आधीच्या वर्षी ती कुशीतली होती, तर तुम्ही धुळ्याला नेऊन अख्ख्या मंडळीत फिरवून आणलीत. मागच्या वर्षी मी अडले. पोरीच्या छातीत कफ होता, थंडी अशी की सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. तुम्हाला फोनवर म्हटलं, "काय करायचं ते इथं करा. पोर जळगावाबाहेर जाणार नाही." तुम्ही म्हणालात, "बरं. मग नाताळच घेऊन येते तुमच्याकडे." वर मला कामही सांगितलंत. "नाताळच्या देखाव्यात गव्हाणीपुढं हिरवळ लागते, अक्का. मी येईपर्यंत एका ट्रेत गहू पेरून ठेवा."

मी हसले. जन्मभर घट बसवतेय, मला गहू पेरायला शिकवता का? गहू रात्रभर भिजवला, ट्रेत माती चाळून घातली, पेरला, आणि वर टोपली पालथी घातली. आमच्या घरी घटाचं धान असंच करतात. उजेड लागू द्यायचा नाही, मग ते कसं पिवळंधमक वर येतं, सोन्यासारखं. माझी सासू तर टोपलीवर चादरही टाकायची. मला काय माहीत, तुमच्या मेंढरांना हिरवं लागतं.

तुम्ही आलात. एका हातात तुमची ती निळी वायरची पिशवी, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पाणी दिलं आणि म्हटलं, आधी बघा. टोपली उचलली.

"हे काय केलं, अक्का?"

"काय केलं?"

"पिवळं पडलंय हो सगळं."

"पिवळंच पाहिजे. जेवढं पिवळं तेवढं वर्ष चांगलं."

"अहो, मेंढरं चरणार यावर. कावीळ झाल्यावाणी दिसतंय गवत."

"तुमची मेंढरं लाकडाची. त्यांना काय कळतंय?"

तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. पण ऐकलं नाहीत. "अजून पाच दिवस आहेत, दुसरा ट्रे पेरा, उघडा ठेवा." मी म्हटलं, झाकलेलं धान पवित्र. तुम्ही म्हणालात, "देव उजेडात आला आणि तुम्ही त्याच्या दारातलं गवत टोपलीखाली कोंडता?" मी म्हटलं, आमचा देव अंधारातही दिसतो. हा वाद आपला मिटला नाही. मिटवायची घाईही नव्हती, दर वर्षी घालायला एक वाद असावा म्हणून ठेवला होता.

दुसरा ट्रे मी नाक मुरडतच पेरला. जुई मांडीवर. तिच्या बोटानं एकेक दाणा मातीत दाबला आणि तिला सांगितलं, "हे बाळ आहे. बाळाला झोप आली. आता पांघरूण घाल." ती चिमटीनं माती टाकायची आणि वरून थोपटायची, जशी मी तिला रोज थोपटते. एका दाण्याला पांघरूण घातलं की दुसऱ्या बाळाला शोधायची. ट्रे संपला तरी तिला उठायचं नव्हतं. तुम्ही दाराला टेकून बघत होतात. म्हणालात, "हे मात्र छान शिकवलंत." तुमच्या तोंडून मला मिळालेलं ते एकच सर्टिफिकेट, मार्थाबाई. ते जपून ठेवलं असतं, म्हणजे नीट आठवलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

ते पाच दिवस चांगले गेले, हेही लिहू द्या. करंज्यांना मी, शंकरपाळ्यांना रूथ आणि तुमच्या त्या शिंपल्यांसारख्या कलकलांना तुम्ही. कणकेची गोळी कंगव्यावर दाबून वळताना बघितलं आणि मी कपाळाला हात लावला. खायच्या वस्तूला कंगवा? "नवा आहे हो, आत्ताच पुडक्यातून काढला," तुम्ही शपथेवर सांगत होतात, आणि तेवढ्यात जुईनं तो कणीक भरलेला कंगवा उचलून स्वतःच्या केसांतून फिरवला. तिची आंघोळ दोनदा झाली. संध्याकाळी दारात चांदणी लावली, तर शेजारच्या अहिरेकाकू विचारायला आल्या, "अक्का, तुमच्याकडं दिवाळी राहिली होती का?" मी म्हटलं, "आमच्याकडं दोन असतात आता." बोलले मी ते. अभिमानानं बोलले.

आणि तो बिस्किटांचा डबा. त्यातली माणसं तुम्ही एकेक करून फडक्यातून काढलीत. तुमच्या वडिलांनी मिशनच्या सुतारशाळेत सागाच्या उरलेल्या ढलप्यांतून कोरलेली. बैलाचं एक शिंग गेलेलं, मेंढरांची नाकं झिजलेली. बाळ तुम्ही दाखवलंच नाही. चोवीसच्या संध्याकाळपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची, ही तुमच्या घरची रीत. ते रुमालात बांधून कमरेला खोचलेलं असायचं. जुई दिवसातून दहादा गव्हाणीत डोकावायची. "बाळ कुठंय?" तुम्ही म्हणायच्या, "येतंय." चोवीसला ते तिच्या हातात दिलंत. अर्ध्या बोटाएवढं, दोन्ही हात पसरलेलं. तिनं ते गव्हाणीत ठेवलं आणि आपणा दोघींकडं असं बघितलं, की हे एवढं मोठं काम आपण केलं.

पंचवीसला दुपारी रूथ फराळाची ताटं द्यायला गेली होती. प्रशांत ड्युटीवर. मी स्वयंपाकघरात वांगी भाजत होते. भरीत तुमच्याबरोबर द्यायचं होतं. तुम्ही जुईजवळ. तुमचा फोन वाजला, घरात ऐकू येत नाही म्हणून तुम्ही अंगणात गेलात. दोन मिनिटं. मी मोजली नव्हती, पण दोनच असतील, आज मी तसंच धरते.

खोकल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. जुई गव्हाणीसमोर बसलेली, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, खोकतेय. गव्हाण रिकामी.

त्या क्षणाचं मला सगळं आठवतं आणि काहीच आठवत नाही, असं आहे. मी तिच्या तोंडात बोट घातलं. काही लागलं नाही. पाठीवर थापट्या मारल्या. तिचे हात पुसले, तोंड पुसलं. "बाळ कुठंय? जुई, बाळ कुठंय?" ती रडायला लागली. तुम्ही धावत आलात, तुमच्या पायातून चप्पल निसटली ती तशीच अंगणात. खाटेखाली बघितलं, फडताळामागं बघितलं, सगळं बाहेर काढलं. रिक्षात पोर माझ्या मांडीवर आणि तुम्ही तिच्या छातीवर हात ठेवून. दोघी तिचा श्वास ऐकत होतो.

डॉक्टर भला होता. तपासलं, फोटो काढला. फोटो दिव्यासमोर धरून विचारलं, "कशाचं होतं?"

"लाकडाचं," तुम्ही म्हणालात.

"मग यात दिसणार नाही. छाती सध्या मोकळी वाटतेय. पोटात गेलं असेल तर दोन-तीन दिवसांत पडेल. लक्ष ठेवा. श्वासाला जरा त्रास झाला तर तडक घेऊन या."

लक्ष ठेवा. तीन दिवस. तेवढ्यात रूथ आली, पदर सुटलेला, तिनं पोर माझ्याकडून ओढूनच घेतली. आणि मग मी तुमच्याकडं वळले. आपण दोघी एरवी कशा शुद्ध बोलायचो, तुम्ही-आम्ही, या-बसा. भांडण डोक्यात गेलं की मात्र माझी माहेरची बोली बाहेर येते. चार माणसं बाकावर बसलेली, त्यांच्यासमोर म्हटलं, "तुमना देव तुमनाजोडे ठेवा. मनी नात माले पाहिजे."

तुमचा देव तुमच्याजवळ ठेवा, माझी नात मला पाहिजे. असं म्हटलं मी. वरून आणखी म्हटलं, फोन एवढा महत्त्वाचा होता का. वरून आणखी म्हटलं, पोर सांभाळता येत नसेल तर. ते वाक्य पुरं केलं नाही, पण ते पुरं करायची गरज नव्हती.

तुम्ही एक शब्द उलट बोलला नाहीत. घरी आल्यावर जुईच्या खाटेच्या पायथ्याशी बसलात, हात जोडून, ओठ हलत होते. सकाळी उजाडल्यावर मी म्हटलं, "आता तुम्ही निघा. इथं गर्दी नको."

"ते पडेपर्यंत थांबू द्या, अक्का. कोपऱ्यात बसते."

"नको."

तुम्ही माणसं फडक्यात गुंडाळलीत, डबा भरलात. दारात गेलात. मी चुलीकडं तोंड करून उभी. मागून तुमचा आवाज आला, आणि तुम्हीही त्या वेळी आपल्या बोलीत बोललात. साक्रीकडची तुमची बोली, जराशी वेगळी.

"मीबी तिनी आजीच शे ना."

तुम्हीही तिची आजीच, एवढंच म्हणत होतात. मी वळले नाही. गॅस पेटलेला होता, त्यावर काही ठेवलेलं नव्हतं.

आपल्या दोघींची एक रीत होती. लग्नापासूनची. तुमची वायरची पिशवी भरून यायची आणि भरून जायची. तुम्ही बोरं आणायच्या, पेरू आणायच्या. मी भरताची वांगी घालायची, केळ्याचे वेफर्स घालायची, कधी एखादा खण. विहिणीची पिशवी रिकामी पाठवायची नाही, यावर आपलं कधी दुमत झालं नाही. त्या दिवशी ती रिकामी गेली. भाजलेली वांगी ओट्यावर तशीच होती.

तीन दिवस मी काय केलं ते लिहू नये, पण तुमच्यापुढं काय लाज. पोरीची शी काडीनं तपासली, दर वेळी. काही नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, खातेय, खेळतेय, सोडून द्या आता. तुमचा रोज संध्याकाळी फोन. "पडलं का?" मी रूथच्या हातात फोन द्यायचे. नंतर सगळे म्हणाले, नजरेतून सुटलं असेल, उंदरानं नेलं असेल. गव्हाचे दोन्ही ट्रे मी गच्चीवर नेऊन टाकीच्या मागं, पत्र्याखाली सरकवले. पिवळाही आणि हिरवाही. डोळ्यांसमोर नको म्हणून.

मग वर्ष गेलं. वर्ष कसं जातं ते तुम्हाला काय सांगायचं. उन्हाळ्यात रूथ जुईला घेऊन धुळ्याला आली, मी गुडघ्याचं निमित्त केलं. येताना तुम्ही कैऱ्या पाठवल्यात. वायरच्या पिशवीत नाही, दुकानाच्या कॅरीबॅगेत. मला ते कळलं, मार्थाबाई. भरून परत द्यायची पिशवीच नको, असं केलंत. दिवाळीत रूथनं फोन माझ्या कानाला लावला, तेव्हा "थंडी पडली की या" एवढं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "दळण आणायचं राहिलंय, देते रूथकडं." तुम्ही म्हणालात, "बरं." तेच शेवटचं.

तुमच्या मातीला आले. जुई माझ्या कडेवर. सगळ्यांनी मूठमूठ माती घातली, तर ही खाली उतरायला धडपडायला लागली. उतरवलं. तिनं दोन्ही मुठींनी माती टाकली. मग उकिडवी बसली आणि कडेची माती हळूहळू थोपटायला लागली. म्हणाली, "आजी झोपली. पांघरूण घातलं." बायका रडायला लागल्या. मीही रडले, पण मला काही कळलं नव्हतं. मला वाटलं, रोज झोपवते ना, ते बोलतेय.

कळलं ते आता, तीन दिवसांपूर्वी.

रूथनं नाताळ नाही म्हटल्यावर पोर हट्टाला पेटली नाही, तेच मला लागलं. ती आपली दिवसभर खिडकीशी बसून कागद फाडून चांदण्या करायची, चांदण्या कसल्या, तुकडे. म्हटलं, नाताळ नसेल तर नसो, गहू तर पेरू. गहू पेरायला कुणाची परवानगी लागत नाही. गच्चीवर गेले, टाकीच्या मागून ट्रे ओढला. माती विटेसारखी घट्ट. स्वयंपाकातल्या सराट्यानं फोडायला बसले. तिसऱ्या घावाला ढेकूळ उकललं, आणि त्यात ते होतं.

अर्ध्या बोटाएवढं. सागाचं. काळं पडलेलं, एक हात झिजलेला, दुसरा तसाच पसरलेला. वर मातीचा थर, चपटा, थोपटलेला.

मी गच्चीवर बसूनच राहिले. खाली कुणी बेल वाजवत होतं. मला एकदम तो दिवस सगळा दिसला, आणि त्यात एक गोष्ट दिसली जी मी वर्षभर बघितली नव्हती. त्या दुपारी मी पोरीचे हात पुसले, तेव्हा हाताला माती होती. तोंडालाही होती. मातीच खाऊन खोकत होती ती. माझ्या पदराला तपकिरी डाग पडले होते. मीच पुसले, आणि मीच विसरले, आणि तुमच्याकडं वळून बोलायला लागले. पोरीनं काय केलं होतं? तिच्या अक्कानं शिकवलं तेच केलं होतं. बाळाला झोप आली, बाळाला मातीत ठेवलं, वर पांघरूण घातलं.

तुमच्या वडिलांच्या हातचं बाळ माझ्या ट्रेत होतं, आणि मी तुम्हाला घरातून काढलं.

आता खरं सांगते, तुमच्याशी काय खोटं बोलायचं. मी ते लगेच रूथला दिलं नाही. सुपारीच्या डबीत ठेवलं. दोन दिवस. कारण दिलं म्हणजे सांगावं लागलं असतं. न सांगता राहिले असते तर कुणाला कळणार होतं? तुम्ही गेलेल्या. जुईला आठवत नाही. उंदरानं नेलं म्हणून सगळे विसरलेले. मी डबी फडताळात वर ठेवली, मग कपड्यांत ठेवली, मग पुन्हा वर. रूथ समोर आली की माझी नजर तिकडं जायची. ती म्हणाली, "अक्का, काही शोधताय का?" मी म्हटलं, "चष्मा." चष्मा डोळ्यांवर होता. माझ्या घरात मीच चोरासारखी फिरत होते. देव्हाऱ्यासमोर बसले तर हात जोडवेनात.

काल ती शाळेतून आली, चहा झाला. जुई आत झोपलेली. मी डबी तिच्यासमोर ठेवली.

तिनं उघडली. बराच वेळ हात लावला नाही. मग उचलून नाकाशी धरलं.

"कुठं होतं?"

"त्या गव्हाच्या मातीत. जुईनं पुरलं होतं. मीच शिकवलं होतं तिला, बाळाला पांघरूण घाल म्हणून. तिच्या हाताला माती होती त्या दिवशी, रूथ. मी पुसली."

"कधी सापडलं?"

मला वाटलं आज म्हणावं. म्हटलं, "परवा."

तिनं मान हलवली. बाळ मुठीत घट्ट धरलेलं. "आईनं शेवटच्या रविवारीसुद्धा फोनवर विचारलं होतं. ते सापडलं का गं? मी म्हटलं, आई, सोड ना आता. चिडून म्हटलं मी."

मी रिकाम्या डबीचं झाकण लावलं.

"ती तुम्हाला कधी काही म्हणाली नाही, अक्का. मला म्हणायला पाहिजे होतं. त्या दिवशी, दवाखान्यातच. मी तिथंच उभी होते. पण मला दुसऱ्या दिवशी शाळा होती. जुईला सांभाळायला तुम्ही लागता मला." मूठ उघडून बाळाकडं बघितलं. "म्हणून गप्प बसले. आईसाठी नाही बोलले."

हे ऐकायला तुम्ही हव्या होतात आणि नव्हत्या तेही बरं. मला वाटत होतं ती माझ्यावर रागावलीय. ती स्वतःवर रागावलेली होती, आणि त्या रागातही मीच होते. मी म्हटलं, "माझं चुकलं, रूथ." ती म्हणाली, "मला नका सांगू." आणि आत गेली. दार लावलं नाही, पण ओढून घेतलं. संध्याकाळी पानं मीच वाढली. ती जेवली, मान खाली घालूनच ताट उचललं. प्रशांतनं विचारलं, मिरची जास्त झालीय का. जास्तच झाली होती.

आज सकाळी मी उठले तर खिडकीत ट्रे. नवी माती, ओली. गहू पेरलेला. रूथ केस विंचरत होती, आरशातूनच म्हणाली, "गहू पेरलाय. झाकू नका."

"नाही झाकत."

"मी येऊन बघणार आहे."

"बघ ना. टोपली माळ्यावर टाकते हवं तर."

हसली नाही. पण जाता जाता जुईला म्हणाली, "रविवारी पप्पा धुळ्याहून आजीचा डबा आणणार आहेत. बिस्किटांचा." जुईनं विचारलं, बिस्किटं आहेत का त्यात. रूथ म्हणाली, "नाही. मेंढरं आहेत." मग तिनं पर्समधून एक रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. गाठ मारलेला. "चोवीसपर्यंत तुम्ही ठेवा."

म्हणजे मला माफ केलं, असं मी धरत नाही. एवढ्यानं माफ करतात का. पण दिला माझ्याच हातात.

तर ते आता माझ्या कमरेला खोचलेलं आहे, तुमच्यासारखंच. लिहितानाही हात तिकडंच जातोय, आहे ना बघायला. मघाशी जुई उठली, अजून न उगवलेल्या ट्रेकडं बघितलं आणि विचारलं, "अक्का, बाळ कुठंय?" म्हटलं, "येतंय."

मार्थाबाई, जे त्या दिवशी चुलीकडं तोंड करून म्हटलं नाही, ते आता तुमच्याकडं तोंड करून म्हणते. चुकले मी. तुम्ही तिची आजीच आहात. आणि गव्हाचं तुमचंच खरं असेल, मी उघडा ठेवलाय, बघते काय रंग येतो ते.

पण नुसतं मी सांगून काय होतंय. तुम्ही स्वतः येऊन बघा. चोवीसच्या संध्याकाळी चांदणी लागलेली असेल, घर चुकायचं कारण नाही. उंबऱ्यात थांबू नका, मी चार वेळा म्हणणार नाही, सरळ आत या. आणि ती निळी वायरची पिशवी घेऊन या, रिकामीच आणा. भरताची वांगी सांगून ठेवलीत मी. लवकर या.